मोटारींचे कारखानदार आणि शुश्रूषेची वर्षे
(वार्षिक सभेतील भाषण)



पनवेलची उद्योगातील जुनी ओळख औषधांची. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे श्री धूतपापेश्वरची स्थापना केली. आज मात्र मी एका मोटार-कारखानदाराविषयी बोलणार आहे.

सोलापूरला १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी आगबोटी आणि विमानांचे कारखाने यांसह मोटारींचाही ध्यास घेतला. युद्धकाळात परकीय सरकारने दाद दिली नाही. तरीही १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी राहिली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिले वाहन बाहेर पडले. तिची पुढे घरोघरी माहीत झालेली पद्मिनी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

कारण १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढल्याच वर्षी त्यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली. हजारोंना रोजगार देणारा हा पुरुष अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांच्या सोबतीवर विसंबून होता. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. चरित्रे लिहिताना ही चार वर्षे आपण दोन ओळींत उरकतो, हे मला खटकते.

मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली गेली. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय मात्र चालू आहे.

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी उठविणारी, बसविणारी, भरविणारी माणसे आज या सभागृहात आहेत. त्यांच्या रुग्णांच्या फिजिओथेरपीचा भार ट्रस्टने किती उचलावा, हा प्रश्न मी विश्वस्तांपुढे ठेवतो.