येळवसचं आवतण

श्रोतेहो, परवा मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे आपली येळवस. सरकारी पत्रकात ती वेळ अमावस्या असते. शेतातल्या कडब्याच्या कोपीत पाच पांडव चुन्याने रंगवून मांडायचे, भज्जी, उंडे, खीर, आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, संध्याकाळी हेंडगा पेटवून शेताभोवती फिरायचं, हे मी लातूरकरांना काय सांगू? मला बोलायचंय ते आवतणाबद्दल.

हल्ली आवतण मोबाईलवर येतं. ‘सर्वांनी शेतावर यावे.’ सर्वांनी म्हणजे कोणी हो? ज्याच्या दाराशी गेला नाहीत, त्याला तुम्ही बोलावलंच नाही.

आमच्या घरचं दही बिघडलं की आई वाटी घेऊन पलीकडे जायची. विरजण कुणी विकत आणत नसे. महिनाभराने पलीकडचं दही नासलं की आमच्याकडूनच विरजण परत जायचं. मग दही नेमकं कुणाचं? आवतणाचंही तसंच. त्यासाठी उंबऱ्यापर्यंत जावं लागतं. फोनवरून विरजण लागत नाही.

येळवसला लातुरात जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, बाजार बंद, रस्ते ओस. पण शहरात उरतं कोण? खोल्या घेऊन शिकणारी परगावची पोरं. त्यांच्या खाणावळीही बंद. मागल्या साली आमच्या गल्लीतल्या अशा दोघांना शेतावर नेलं. धुळ्याकडचा एक म्हणाला, ‘काका, भजी कुठायत?’ त्याला वाटलं तळलेली! वाटाणे, तुरीचे दाणे, हरभरे, मेथी, चिंच घालून शिजवलेली भज्जी मग त्याने तीनदा वाढून घेतली. आंबील प्याल्यावर तर तो बोलेचना. त्याच्या दाराशी कुणी गेलं म्हणून तो आला, एवढंच पुन्हा सांगतो.

सोयाबीन आलं, ज्वारी घटली, कडब्याच्या कोपीवर जुनी लुगडी चढली, त्याविषयीही बोलायचं होतं. बीदरकडच्या येळवसचं तर राहूनच... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय.

नांदेडकडचे म्हणतील, आम्हाला याच दिवसांत माळेगावच्या खंडोबाला जायचंय. खुशाल जा, पण शेजाऱ्याला ‘येतोस का’ विचारून जा. आणि येळवस करणाऱ्यांनो, उद्या संध्याकाळी निदान दोन दारं वाजवा. ज्याला शेत नाही, त्याचं आधी. आंबील थोडी जास्तच करा.