वर्षभर, रोज दोन तास

कृषी पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी बहुतेकांनी ‘रावे’, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, केलेला आहे. कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात राहिलात, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं दाखवलीत, रांगोळीनं गावाचा नकाशा काढलात आणि त्याचा फोटो पेपरात आल्यावर घरी पाठवलात. गाव तुम्हाला नवं नाही. म्हणून आज मी शहरातल्या शाळांबद्दल आणि तिथे तुम्ही वर्षभर रोज दोन तास देण्याबद्दल बोलणार आहे. परभणीच्या वस्त्यांमधल्या शाळांत बसणारी बरीच मुलं त्याच गावांतून आलेल्या मजुरांची आहेत. गंगाखेड, पालम, सोनपेठकडचे काही आई-बाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, काही शहरात येऊन मिळेल ते काम धरतात. दोन्हीकडे मुलाची शाळा मध्येच तुटते.

अशा मुलाच्या शेजारी बसून पाहा. पुस्तकातली कविता तो बोट फिरवत घडाघडा म्हणतो. आपल्याला वाटतं, वाचतोय. त्याचं बोट मधल्याच एका शब्दावर ठेवा आणि विचारा, हे काय? तो गप्प होतो. मग 52 मधून 17 वजा करायला द्या. उत्तर येतं 45, कारण दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढले. हातचा त्याला कुणी नीट दाखवलेलाच नाही. मूल ढ नाही. वर्ग पुढे गेला आणि ते मागे राहिलं, इतकंच.

यावरचा एक उपाय आपल्याच राज्यात करून पाहिलेला आहे. माधव चव्हाण हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि फरिदा लांबे यांनी मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था उभी केली. महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, शालेय शिक्षण झालेली तरुण मुलगी. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिन्याला 500 ते 750 रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची. वर्ग नसेल तिथे व्हरांड्यात. अक्षर, शब्द, बेरीज, वजाबाकी. दुसरं काही नाही. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाचा काटेकोर अभ्यास झाला. तो करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बालसखीकडे बसलेली मुलं स्पष्टपणे पुढे सरकली. पदवीही नसलेल्या मुलींनी हे करून दाखवलं, हे पदवी हातात घेताना लक्षात असू द्या.

त्याच अभ्यासात एक कडू गोष्टही आहे. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात बरीचशी कमाई ओसरली. म्हणजे एका वर्षाच्या सेवेनं शिक्षणव्यवस्था बदलते, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर टाळ्या वाजवू नका. सत्कार, सेल्फी आणि ‘प्रेरणादायी व्याख्यान’ यांची शाळांना मुळीच गरज नाही. स्वयंसेवक म्हणजे रिकाम्या जागेवरचा स्वस्त शिक्षकही नव्हे. राज्य सरकारच्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना दहा हजार देऊन अनेक शाळांत पाठवलं गेलं; मुदत सहा महिन्यांची, पुढे वाढवून अकरा. त्यातल्या कितीतरी मुलामुलींनी मनापासून शिकवलं. पण शिक्षकाची भरती ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती तुमच्या उत्साहाच्या आड लपता कामा नये. तुम्ही शिक्षकाची जागा घेऊ नका, त्याच्या शेजारी बसा. तो चाळीस मुलांचा वर्ग सांभाळेल, तुम्ही मागची पंधरा सांभाळा.

कसं करायचं, हे तुम्हाला वेगळं शिकवायला नको. शेतकऱ्यानं खताची मात्रा विचारली की तुम्ही आधी मातीचा नमुना मागता. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा कुठे घ्यायचा, बांधाजवळची माती का टाळायची, हे तोंडपाठ आहे. मुलाचंही तसंच. आधी पाहा, तो अक्षराला अडतो, शब्दाला, परिच्छेदाला की गोष्टीला. 2005 पासून ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत हजारो स्वयंसेवक घरोघर जाऊन हेच तपासतात आणि ते काही मिनिटांत होतं. इयत्ता विसरा, जिथे अडतो तिथून सुरू करा. दर महिन्याला पुन्हा तपासा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुमच्या जागी येणाऱ्याला ती वही द्या. ओसरणारी कमाई टिकवायचा मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

आता तुमच्या मनातलं बोलतो. एमपीएससी, बँकेची परीक्षा, कृषी सेवक, बियाणं कंपनीतली नोकरी. घरच्यांनी उसनवारी करून शिकवलं आहे, ते वाट पाहत आहेत. म्हणून मी सगळं वर्ष मागत नाही. अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणारे त्यातले किती तास चहाच्या टपरीवर असतात, ते मला इथे मोजायचं नाही. त्या दहांतले दोन तास मागतो, शाळेच्या वेळेतले, सोमवार ते शुक्रवार, वार्षिक परीक्षेपर्यंत. जमत नसेल तर सुरूच करू नका. दोन महिन्यांत गायब होणारा ताई-दादा मुलांना चांगलाच आठवतो.

जूनच्या मध्याला शाळा उघडतील. त्याआधी आपल्या वस्तीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि एवढंच विचारा: तिसरी-चौथीतली कोणती मुलं अजून वाचत नाहीत?