खुणेचा दगड

पत्ता विचारताना आपण सहज म्हणतो, ‘लँडमार्क काय?’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मात्र हद्दीची खूण. आपल्या शेताच्या बांधावरचा दगड तो हाच. तो हातभर सरकला, तर भाऊबंदकी कोर्टात जाते.

पुढे वाटसरूला दिशा दाखवणारी कुठलीही ठळक वस्तू लँडमार्क ठरली. मुंबईतला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली हलवला आणि तो राणीच्या बागेत गेला. त्या जागेला लोक आजही काळा घोडाच म्हणतात.

तिसरा अर्थ, इतिहासाला वळण देणारी घटना. सर्वोच्च न्यायालयाचा २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती निकाल असाच ‘लँडमार्क’. १३ न्यायाधीशांच्या पीठाने ७ विरुद्ध ६ मतांनी ठरवलं, की संसदेला घटनादुरुस्ती करता येईल, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही.

इथे मला हा शब्द पुन्हा बांधावर आलेला दिसतो. पुतळा हलला तरी पत्ता सापडतो. हद्दीचा दगड मात्र जागेवरच हवा. त्यावर नजर ठेवणं हे आपल्या सर्वांचंच काम आहे.