तंबाखू सोडणाऱ्याला साथ द्या



तंबाखूचे दुष्परिणाम मी वर्गात शिकवीत असे आणि मधल्या सुट्टीत भिंतीआड तीच मळीत असे. एका विद्यार्थ्याने ते पाहिले. तो काही बोलला नाही. माझी मान मात्र खाली गेली.

रमजानमध्ये दिवसभर आपण तिच्यावाचून राहतो, म्हणजे निश्चय आपल्यात आहे. तरी इफ्तारनंतर हात पुडीकडे जातो, कारण निकोटिनची सवय शरीरालाच जडलेली असते. मग मदत मागण्यात कमीपणा कसला?

१८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली ही सेवा सुरू झाली. पुढे मुंबईचे टाटा रुग्णालयही तीत सामील झाले. सोडण्याची तारीख ठरवा व घरच्यांना सांगा. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा. गरज पडल्यास डॉक्टरांना औषध विचारा. मिश्रीही तंबाखूच आहे, हे माताभगिनींनी विसरू नये.

पालकहो, मुलाला पुडी आणायला धाडू नका. मुलांनो, वडिलांना टोचून बोलू नका. तो नंबर त्यांना तुम्ही लावून द्या. खुदा हाफिज.