शनिवार तेल्यांचा विसावा
(मालगुंड येथील भाषण)

कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी शब्बाथ पाळून घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथची आज्ञा मालकापुरती नाही. दास, दासी, परका आणि बैल यांनाही त्या दिवशी विसावा आहे. विश्रांती ही मेहेरबानी नव्हे, श्रमणाऱ्याचा हक्क आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळण्यास मात्र नारायण मेघाजी लोखंडे यांचा लढा आणि १८९० साल उजाडावे लागले.

परंतु मजुरीविना विसावा म्हणजे उपास. काम न मिळालेल्या मजुराची ती व्यथा मालगुंडच्या केशवसुतांनी कवितेत मांडली. रोजंदारीवरील मजुराची सुटी आजही बिनपगारीच असते. घाण्याच्या बैलाला विसाव्याच्या दिवशीही वैरण मिळे. माणसाला पगारी सुटी मिळालीच पाहिजे!