खुर्ची जप्त झाली. मावेजा कुठे आहे?

(छत्रपती संभाजीनगर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी अधूनमधून ठरलेली असते. कोर्टाचा बेलिफ सरकारी कचेरीत जातो. सोबत जमीन गेलेले दहा-वीस खातेदार असतात. खुर्ची, पंखा, संगणक, कधी साहेबांची गाडी जप्त होते. फोटो छापून येतो. मग सरकारी वकील मुदत मागतात आणि दुसऱ्या दिवशी साहेब त्याच खुर्चीवर बसून सही करतात.

अशा बातम्यांवर आम्हीही टाळ्या वाजवल्या आहेत. आज कबूल करतो की ती चूक होती. साहेबाची खुर्ची बाहेर आली म्हणून कुणाची चूल पेटत नाही. ती लिलावात काढली तर वकिलाच्या एका तारखेचा खर्चही निघणार नाही, आणि खातेदाराचे येणे असते लाखांत. म्हणून आज खुर्चीबद्दल नाही, पैशाबद्दल बोलायचे आहे. कोर्टाने दिलेला पैसा सरकार का देत नाही, आणि तो कुठल्या पेटीतून यायला पाहिजे?

हा पैसा कशाचा?

पैठणला जायकवाडीचा पाया 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी घातला, 1976 साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. नाथसागरात पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा तालुक्यांतल्या जमिनी गेल्या. त्यानंतर पाझर तलाव, मध्यम प्रकल्प, कालवे, रस्ते, औद्योगिक वसाहती. जमीन जायची थांबली नाही.

जुना भूसंपादन कायदा 1894 चा, इंग्रजांचा. त्यात भूसंपादन अधिकारी निवाडा करायचा. बागायत जमीन जिरायत धरली जायची, विहीर कागदावर यायची नाही, मोसंबीचे भर फळातले झाड सरपणाच्या भावात मोजले जायचे. शेतकऱ्याने हरकत राखून पैसे उचलायचे आणि कलम 18 खाली दिवाणी न्यायालयात जायचे. न्यायालय खरेदीखते बघायचे, साक्षी घ्यायचे आणि मावेजा वाढवून द्यायचे. 1984 च्या दुरुस्तीने त्यावर 30 टक्के दिलासा रक्कम आली. वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि पुढे 15 टक्के व्याज आले. 1 जानेवारी 2014 पासून नवा कायदा लागू झाला. त्यात दिलासा 100 टक्के झाला, वाढीव रकमेवरच्या व्याजाचे दर तेच राहिले.

म्हणजे वाढीव मावेजा हे अनुदान नाही, पॅकेज नाही, माफी नाही. सरकारने आमचा माल कमी भावात उचलला आणि न्यायाधीशाने खरा भाव सांगितला. राहिलेली रक्कम ही उधारी आहे. दुकानदाराची उधारी ठेवणाऱ्याला गाव जे नाव देते, तेच नाव इथेही लागू आहे.

घटना काय म्हणते?

आता अर्थसंकल्पाकडे वळू. सरकारचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक दत्तमत, म्हणजे आमदारांनी मत देऊन मंजूर करायचा. दुसरा भारित, म्हणजे राज्याच्या एकत्रित निधीवर घटनेनेच टाकलेला बोजा. त्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. घटनेच्या अनुच्छेद 202 मध्ये भारित खर्चाची यादी आहे. राज्यपालांचा पगार त्यात आहे, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचा पगार त्यात आहे, कर्जाचे व्याज त्यात आहे. आणि त्याच यादीत कोर्टाचा निर्णय, हुकूमनामा किंवा लवादाचा निवाडा भागवायला लागणारी रक्कमही आहे.

मायबहिणींनो, हे नीट लक्षात ठेवा. न्यायमूर्तींचा पगार आणि तुमच्या सासऱ्याच्या बुडालेल्या शेताचा वाढीव मावेजा घटनेने एकाच ओळीत बसवला आहे. न्यायमूर्तींचा पगार तुंबला असे कधी ऐकले आहे का?

मग आमचाच का तुंबतो? भूसंपादन अधिकारी म्हणतो, ज्या खात्यासाठी जमीन घेतली त्याने पैसे भरले नाहीत. खाते महामंडळाकडे बोट दाखवते. 1996 ते 1998 या काळात सरकारने पाटबंधाऱ्यांची महामंडळे काढली. आपले गोदावरी मराठवाडा महामंडळ 1998 चे. महामंडळ म्हणते, शासनाकडून निधी आला की देऊ. हा निधी पुन्हा दत्तमताच्या दारातून येतो, आणि तिथे नव्या टेंडरची रांग आमच्या पुढे उभी असते. घटनेने आम्हाला पंगतीत पहिले पान वाढले होते. कारभाराने आम्हाला खरकटे काढायला बसवले.

पुण्यातल्या एका खासगी जमिनीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते. राज्याने ती जमीन 1963 साली घेतली आणि संरक्षण खात्याच्या संस्थेला दिली. बदल्यात जी जमीन मालकाला मिळाली ती वनजमीन निघाली. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायालयाने राज्याला खडसावले: योजना वाटायला पैसे आहेत आणि घेतलेल्या जमिनीचे द्यायला नाहीत का? लाडकी बहीण योजना थांबवण्याचा इशाराही दिला. बहिणीला पैसे मिळाले म्हणून आमचे पोट दुखत नाही. ती आमच्याच घरातली आहे. पण तिच्या हातावर दत्तमताचे पैसे ठेवताना तिच्याच घराचे भारित येणे दाबून ठेवायचे, ही देणगी नव्हे, हातचलाखी आहे.

उशीर कुणाला परवडतो?

हिशेब करू. समजा कोर्टाने 10 लाख रुपये वाढवून दिले आणि ताब्याला 10 वर्षे झाली. पहिल्या वर्षाचे 90 हजार आणि पुढच्या 9 वर्षांचे दरसाल दीड लाख, म्हणजे व्याज 14 लाख 40 हजार. एकूण देणे 24 लाख 40 हजार. पुढे फाइल जितके दिवस टेबलावर झोपेल, तितके दिवस रोज सुमारे 411 रुपये वाढतात. हे एका खातेदाराचे झाले. 'तिजोरीवर ताण येतो' म्हणून पैसे थांबवणारा अधिकारीच तिजोरीला भोक पाडतो.

मग शेतकऱ्याचा फायदा होतो का? तेही नाही. तो मधल्या काळात शेकडा तीनने सावकाराकडून उचलतो. सरकार त्याला वर्षाला 15 टक्के देणार, तो सावकाराला 36 टक्के भरणार. मुलीचे लग्न, विहीर, दवाखाना यांपैकी काहीही तारखेवर थांबत नाही.

अमेरिकेत पूर्वी सरकारविरुद्धचा निकाल लागला की पैशासाठी काँग्रेसकडे जावे लागे. 1956 साली त्यांनी कायमचा निधी काढला. निकाल अंतिम झाला की नवी मंजुरी न मागता तिथून पैसे जातात. आमच्या घटनेने 1950 सालीच वाट काढून ठेवली होती. त्या वाटेवर आम्ही टोलनाके बसवले.

लोकअदालतीत सही करण्याआधी

आता तडजोडीबद्दल. लोकअदालतीला आमचा विरोध नाही. म्हातारपणी हातात आलेले पैसे मेल्यावरच्या निकालापेक्षा बरे. पण सही करण्याआधी दोन गोष्टी पाहा. रक्कम कोणत्या तारखेपर्यंत जमा होणार आणि न झाल्यास व्याज किती, हे तडजोडीत लिहिलेले असले पाहिजे. तारीख नसलेली तडजोड म्हणजे दुसरा निवाडा, दुसरी जप्ती.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. कलम 28-अ प्रमाणे एका खातेदाराला न्यायालयाने वाढ दिली, तर त्याच अधिसूचनेतला कोर्टात न गेलेला शेजारी तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तसाच दर मागू शकतो. पण फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लोकअदालतीच्या निवाड्यावर असा अर्ज उभा राहत नाही. तुमची तडजोड तुमच्यापुरती. म्हणून गावाने एकत्र बसावे, कुणाचा खटला निकालापर्यंत न्यायचा ते ठरवावे, निकालाची तारीख देवळाच्या फळ्यावर लिहावी. तीन महिने भुर्रकन जातात.

हुकूमनामा हातात असेल तर वसुली दरखास्तीची मुदत 12 वर्षे आहे, हेही विसरू नका. सरकारविरुद्ध हुकमाला तीन महिने उलटले की दरखास्त पुढे चालते. वारसांची नोंद आधी करून घ्या. बाप गेला आणि नोंद राहिली म्हणून थांबलेले पैसे थोडे नाहीत.

आपण काय करायचे?

या बैठकीतून चार कामे घेऊन जायची आहेत.

एक, प्रत्येक तालुक्याने न भागवलेल्या हुकूमनाम्यांची यादी करायची: गाव, दावा क्रमांक, मूळ रक्कम, व्याज कधीपासून. माहितीच्या अधिकारात कचेरीची यादीही मागायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या.

दोन, ती यादी घेऊन अधिवेशनाआधी आमदारांकडे जायचे. मागणी एकच: महामंडळाच्या कामांसह सगळ्या हुकूमनाम्यांची पूर्ण रक्कम भारित खर्चात धरा.

तीन, ज्या प्रकल्पाचे जुने येणे बाकी आहे, त्यासाठी नवी जमीन देण्याची बोलणी करायची नाहीत.

चार, सरकारला अपील करायचे असेल तर वाढीव रक्कम आधी कोर्टात भरावी, असा अर्ज आपल्या वकिलाने प्रत्येक अपिलात द्यायचा.

यानंतर बेलिफ कचेरीत गेला तर आपणही जाऊ. पण खुर्चीसोबत फोटो काढायला नाही. हातात यादी असेल आणि साहेबांना एवढेच विचारू: भारित खर्चाच्या कोणत्या पानावर आमचे गाव आहे, ते दाखवा. पान नसेल तर तसे लिहून द्या. आम्ही दान मागायला आलेलो नाही, वसुलीला आलो आहोत.