अ‍ॅप बदललं, हात तोच

कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून बसला असाल आणि चाकणच्या तळेगाव चौकात नेहमीसारखी बस अडकली असेल, तर हा एपिसोड तुमच्यासाठीच आहे.

ऑक्टोबर 2023 आठवतोय? वर्ल्ड कप चालू होता. पिंपरी-चिंचवड पोलिसांतल्या एका उपनिरीक्षकाला फँटसी क्रिकेट अ‍ॅपवर दीड कोटी लागले. पुढे त्यांचं निलंबन झालं, पण आमच्या ऑफिसात चर्चा फक्त दीड कोटींची. त्याच आठवड्यात मी 49 रुपयांची पहिली टीम लावली.

सहा महिन्यांनी दिवसाला आठ-दहा टीम. मीटिंगमध्ये टेबलाखाली स्कोअर. आईच्या चष्म्याचे चार हजार एका रात्रीत गेले, आणि मी तिला म्हणालो, "दुकान बंद होतं गं." पैशांपेक्षा ते वाक्य जास्त टोचलं.

बीटेक झालोय, आकडे कळतात. मग थांबता का येईना? बक्षीस कधी येईल हे माहीत नसलं की मेंदू जास्तच वाट बघतो. थोडक्यात हुकलं की हरल्यासारखं वाटत नाही, "आता लागणारच" वाटतं. गेलेले पैसे काढायला अजून पैसे. मजा कधीच संपलेली असते, उरते ती बेचैनी घालवायची धडपड. कम्पल्शन म्हणतात ते हेच.

ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन गेमवर कायद्याने बंदी आली. वाटलं, सुटलो! आठवड्याभरात मी ऑप्शन ट्रेडिंग करत होतो. सेबीचा अभ्यास सांगतो, 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या 100 पैकी 93 सामान्य लोकांचा तोटा झाला. अ‍ॅप बदललं, हात तोच.

शेवटी आईला खरं सांगितलं. रात्रभर ती बोलली नाही. सकाळी डबा भरता भरता म्हणाली, "कार्ड ठेव इथे." आता खर्चाचे पैसे तिच्याकडून घेतो. तल्लफ आली की पंधरा मिनिटं फोन लांब ठेवतो. बऱ्याचदा ती ओसरते. नाही ओसरली, तर समुपदेशकांना फोन.

तुम्हालाही कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा नंबर 14416. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहेच.

आज एकच करा. ज्याच्याशी खोटं बोललात, त्याला एक फोन लावा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!